वाचलेलं पेट्रोल
परवा रोझ हिलला लेकीने नवी गाडी पंपावर उभी केली, पेट्रोलचा वास काचेतून आत आला आणि मला धाकट्या दिराचे काळे हात आठवले. तेव्हा दोघा भावांची मिळून एक बस होती, रोझ बेल ते क्युरपिप. आमचे हे तिकिटं फाडायचे, दीर बस चालवायचे आणि इंजिनही तेच उघडायचे. एकदा त्यांनी कार्बुरेटरचं पितळी जेट काढलं, पेट्रोल जायचं भोक कथील ओतून बुजवलं आणि माझी शिवणाची सुई घेऊन पुन्हा पाडलं, आधीपेक्षा बारीक. क्युरपिपच्या चढावर बस जरा कण्हायची, पण शनिवारी संपणारं पेट्रोल सोमवारपर्यंत पुरायला लागलं. दीर हरखून गेले. ह्यांचा चेहरा मात्र उतरला. “मग इतकी वर्षं ते जात कुठे होतं?” “दादा, इंजिन प्यायचं.” “इंजिन प्यायचं, की तू विकायचास?” दिरांना आधी थट्टाच वाटली. पण हे रोज टाकीत काठी बुडवून बघायला लागले, तेव्हा वाद मिटावा म्हणून दिरांनी ते भोक पुन्हा मोठं केलं. पेट्रोल परत शनिवारीच संपलं. ह्यांनी कोरडी काठी माझ्यापुढे नाचवली. “बघ, वोलेर परत सुरू झाला!” सख्ख्या भावाला मराठीत चोर म्हणायला जीभ रेटली नसावी, म्हणून आमच्या बेटावरची क्रिओल बोली. त्या वर्षी बस विकली, चूल वेगळी झाली. पंपावर लेक म्हणाली, “आई, ही गाडी फार कमी पिते गं.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग आधीचं कुठे जात होतं?”