आधी गुणा, मंग मिळवा

इंदापूरच्या खतं-औषधांच्या दुकानातला तो माणूस फवारणीचं गणित पुठ्ठ्यावर मांडायचा. शून्य सावकाश, गोल काढायचा. "आधी गुणा, मंग मिळवा, आबा," हे दर वेळी ऐकवायचा.

त्या दिवशी फोनवर मात्र तोच चुकला. पंपाला दोन मिली औषध, पंप दहा, वर सांडलवंडीला पाच. त्यानं दोनात पाच आधी मिळवले आणि मग दहानं गुणलं. पंचविसाच्या जागी सत्तर सांगितले.

तासाभरात तो माझ्या डाळिंबाच्या बागेत आला. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. "किती ओळी मारून झाल्या, आबा?"

"शून्य," मी म्हणालो.

तो मटकन बांधावर बसला आणि हसला.

चार ओळी झाल्या होत्या. रोज उजाडताच मी त्यांची पानं बघतो. आज पहिल्या ओळीतलं एक पान कडेनं करपलंय.