बांधावरचं गलबत

करमाडच्या आमच्या शेतात, बांधावर, एक काळा दगड होता. वर चंद्र-सूर्य, खाली शिडाचं गलबत आणि गलबतात एक माणूस कोरलेला. आता म्हणाल, इथं कुठला आला समुद्र? कुठल्याशा दुष्काळात आमचा एक पूर्वज कोकणात गेला, गलबतावर राबला आणि बुडाला. अंग सापडलं नाही, म्हणून घरच्यांनी त्याचा दगड बसवला. पुढं माझे वडील मालवाहू जहाजावर लागले आणि वादळात गेले. त्यांचंही काही हाती लागलं नाही. आईनं वेगळा दगड केला नाही. म्हणाली, "एकाच पाण्यानं नेलं दोघांला, ऱ्हातील एका जागी."

दर सर्वपित्रीला मी आईला शहरातल्या आमच्या घरून, पुंडलिकनगरहून, तिथं नेते. दगडाला पाणी घालायचं, तेल लावायचं, मग अळणी भाताचा नैवेद्य. खाऱ्या पाण्यात गेलेल्याला मीठ वाढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. काचबिंदूनं आईची नजर गेलीय. ती दगडावर नुसता हात फिरवत बसते.

यंदा ऑफिसातल्या बायकांबरोबर जालना रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेले, तर बागेत कारंज्याशेजारी आमचा दगड! चंद्राचा टवका उडालेला, तोच. तशीच शेतात गेले. बांधावर दगड होता, गलबतही होतं, पण सगळं मशीनवर कापलेलं, वरून तेल थापलेलं.

शेत धाकटे काका कसतात. त्यांना गाठलं.

"लई जुना झालता, कुणी बी चोरला असता. चांगल्या जागी दिला," म्हणाले. वर हसून, "वहिनीला कुठं दिसतंय? दोन सालं झाली, काय बिघडलं?"

अरे, माणूस आहे का कोण! सख्ख्या भावाचा दगड विकला, वर हसतोय. ज्यांना बापाच्या जागी मानलं, त्यांनीच बाप उचलून दिला. तोंडाला येईल ते बोलले मी. आणि दोन वर्षं त्या नकली दगडापुढं बसून मला काही दिसलं नव्हतं, याचाही राग आला.

पण आईला कसं सांगायचं? आठवडाभर टाळत राहिले. शेवटी एका दुपारी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं.

आई शेंगा सोलत होती. ती थांबली नाही.

"मला म्हाईत हाय," म्हणाली. "पहिल्याच साली कळलं, हात ठेवल्या ठेवल्या."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कुणाला बोलू? हाताला धरून तूच नेलं मला. तुला तर दिसतंय. मला वाटलं, तू बी त्यांच्यातच हाय."