अपमान नेमका कुणाचा?

मुलाच्या घरून, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून, वेल्समधल्या कार्डिफला निघालो तेव्हा त्याने बजावले, "बाबा, सुजाताला लेक्चर देऊ नका." तीस वर्षे नागपुरात कायद्याच्या पहिल्या वर्षाला रोमन लॉ शिकवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा जरा जास्तच होती.

सुजाता माझी भाची. कार्डिफच्या एका खासगी केअर होममध्ये (वृद्धनिवासात) नर्स आहे. स्टेशनवर घ्यायला आली तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला दिसला. संध्याकाळी वरण-भात वाढताना तिने सांगितले. एका आजींच्या मुलाने सगळ्यांदेखत तिला सुनावले होते, "माझ्या आईला तू हात लावायचा नाही."

"मॅनेजरने कम्प्लेंट ड्राफ्ट केलीय, मामा. होमचा अपमान झाला, होम हे टॉलरेट करणार नाही, असं. माझं नावच नाहीये त्यात. सोमवारी मी फक्त विटनेस म्हणून साइन करायचं."

"मग बरंय की," मी म्हणालो. "तुझ्या वतीने भांडतायत. सही कर आणि मोकळी हो."

तिने माझ्या ताटात आणखी एक पापड ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. जवळच्या कार्लियन गावात रोमन सैन्याची छावणी होती, ती मला बघायचीच होती. वाटेत न्यूपोर्टला बस बदलताना मी मोठ्या आत्मविश्वासाने उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो आणि भाचीलाही चढवले. ड्रायव्हरने पुढच्या स्टॉपवर उतरवून रस्त्यापलीकडचा थांबा दाखवला. मी आल्यापासून सुजाता पहिल्यांदा हसली.

छावणीचे आता हिरवेगार गवत झाले आहे. रोमनांच्या उघड्या, गोल प्रेक्षागृहाच्या उतारावर बसून आम्ही वेल्श केक (मनुका घातलेल्या, तव्यावर भाजलेल्या गोड चकत्या) खाल्ले. नंतर संग्रहालयात थडग्याचा एक दगड पाहिला. तिथे काम करणाऱ्या वयस्क बाईंनी त्यावरच्या नावावर बोट ठेवले. "हा आधी गुलाम होता. मोकळा झाल्यावरही त्याला मालकाचं नाव लावावं लागलं, बघा."

एवढे निमित्त मला पुरले. रोमनांचा 'डिग्निटास' म्हणजे पदाचा मान, ज्याचे पद मोठे त्याचा मान मोठा, इथून मी सुरुवात केली. "अपमान हा त्यांच्याकडे गुन्हाच होता. पण गुलामाला कुणी अपमानित केलं, तर तो गुलामाचा अपमान धरतच नसत. तो मालकाचा. दावा मालकानेच लावायचा."

"आणि ज्याला बोलले, तो?"

"तो कायद्याच्या लेखी कुणीच नाही."

सुजाता दगडाकडे बघत म्हणाली, "मामा, माझ्या कम्प्लेंटमध्ये पण हेच लिहिलंय ना?"

मला माझे आजोबा आठवले. गावात त्यांना कुणी काहीही बोलावे. दाद मागायची तर पाटलाच्या माणसाने सोबत यायला हवे, नाहीतर कुणी ऐकून घेत नसे. ही गोष्ट मी घरी शंभरदा सांगितली असेल. आणि काल जेवता जेवता भाचीला म्हणालो, सही कर. मला स्वतःची लाज वाटली. तसे तिला सांगितलेही.

"इट्स ओके," ती म्हणाली. "तुम्ही बसा शेजारी. लिहिते मीच."

परतीच्या बसमध्ये तिने फोनवर तक्रार लिहायला घेतली. मी सवयीने 'सदर घटनेबाबत' अशा थाटाची इंग्रजी वाक्ये सुचवत होतो, ती खोडत होती. शेवटी पहिले वाक्य तिचेच राहिले: माझे नाव सुजाता, आणि अपमान माझा झाला आहे. सोमवारी तिने मॅनेजरच्या कागदावर सही केली नाही, स्वतःचा कागद दिला. त्याचे काय झाले ते अजून कळलेले नाही.

नागपूरला आल्यावर जुन्या नोट्सची वही काढली. गुलामाच्या अपमानाचा नियम तिथे होता, खाली दोन रेघा मारलेल्या. समासात माझेच अक्षर: 'परीक्षेसाठी महत्त्वाचे.' तीस वर्षांत "आणि ज्याला बोलले, तो?" असे मला एकाही मुलाने विचारले नाही. मीही कुणाला विचारले नव्हते.