हरकत

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, शाळेतल्या एकाही मैत्रिणीपाशी नाही. बोलायची वेळ आली नाही असं नाही — वेळा आल्या. मी विषय बदलला. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि हेही एक प्रकारचं भित्रेपणच, नाही का?

मी धुळ्याला देवपुरात मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. ऐंशीच्या दशकात खेळ शिकवायला बाई असणं नवीनच होतं. पालक विचारायचे, खेळ शिकवायला बाई कशाला, आणि मुलींना खेळ तरी कशाला? मी त्यांना समजवायची. म्हणायची, व्यायामानं मुलगी सडपातळ राहते, रंग उजळतो, पुढे बाळंतपण सोपं जातं. पोरींना दम यावा, ताकद यावी, त्यांनी जिंकावं — हे कुठल्याही आईबापाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाठवल्या नसत्या त्यांनी. आणि त्याच पोरी मैदानावर आल्या की मी ओरडायची, ‘काय मुलीसारखं फेकतेस? जोर लाव!’

मुलींनाच. रोज.

मी स्वतः लहानपणी खूप पळायची. शंभर मीटर, दोनशे मीटर. लोक कौतुकानं म्हणायचे, पोरासारखी पळते. मला फार आवडायचं ते. अकरावीत असताना आमच्या आत्यानं एकदा माझ्या पोटऱ्यांवरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, ‘असे पाय घेऊन कोण करेल हिला?’ त्यानंतर मी पळाले नाही. कुणी बंदी घातली नव्हती. मीच बूट मावसभावाला देऊन टाकले. हे का सांगते आहे? माझ्या वागण्याचं कारण म्हणून नव्हे. मला कळत होतं, एवढंच दाखवायला. असल्या शब्दानं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

आता त्या मुलीकडे येते.

जळगावला स्पर्धा होत्या, धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांच्या. हिवाळ्याचे दिवस. मी आणि आमचे बोरसे सर मुलींना घेऊन पारोळा-एरंडोलवरून एसटीनं गेलो. बोरसे सर चित्रकला शिकवायचे, पण मुलींबरोबर एक पुरुष माणूस हवा म्हणून शाळा त्यांना पाठवायची. साधा माणूस. स्पर्धेला जाताना सुद्धा खिशात खडू.

आमची गोळाफेकीतली मुलगी वैशाली. दोन वर्षं मी तिच्यावर मेहनत घेतली होती. यंदा सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल आपल्याकडे येणार, असं मी मुख्याध्यापकांना सांगून आले होते.

आणि तिथं जमुना आली. रावेरकडच्या कुठल्याशा गावची, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. दहावीत होती. टायफॉईडमध्ये केस गेले म्हणून बारीक कापलेले. भावाची हाफपँट आणि पांढरा शर्ट. खांदे रुंद, आवाज भरदार. तिच्या शाळेत खेळाचे शिक्षकच नव्हते, म्हणून बाप सोबत आला होता — धोतर, टोपी, खांद्यावर पिशवी. तिला गोळा टाकायला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ती फक्कीनं आखलेल्या वर्तुळात जायची, तळहात हाफपँटीला पुसायची, गोळा मानेशी लावायची आणि टाकायची. टाकून झाल्यावर मोठ्यानं हसायची.

सरावातच तिचा गोळा वैशालीच्या हातभर पुढे पडला. पहिल्या फेरीत त्याहून पुढे.

मी बघत होते. मला काय वाटत होतं, ते सांगायला अजून जड जातं. ढाल जाईल हे तर होतंच. पण तेवढंच असतं तर बरं होतं. ती मुलगी स्वतःच्या अंगाला लाजत नव्हती. एवढी माणसं कडेला उभी, मुलं शिट्ट्या मारतायत, आणि ती शर्टाच्या बाह्या वर सरकवते आहे. मला तिचा राग आला. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा — मला, शिक्षिकेला.

पहिली फेरी संपल्यावर मी मांडवामागे बोरसे सरांना गाठलं. ते चहा पीत होते. मी म्हणाले, ‘सर, ती खरंच मुलगी आहे का हो?’

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, ‘बाई, असं कसं विचारायचं?’

मी म्हणाले, ‘आवाज ऐका तिचा. चाल बघा. गावाकडून कुणालाही आणून उभं करतात. तुम्ही हरकत घ्या. पुरुषमाणसानं सांगितलं तर पंच ऐकतील. मी बोलले तर म्हणतील, हेवा.’

बोरसे सरांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. मग गेले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. बाई म्हणतात म्हणजे काहीतरी असणार.

पंच वयस्कर होते. त्यांनाही अवघडलं. पण हरकत आली म्हणजे खात्री करायला हवी, असं म्हणाले. जमुनाच्या बापाला बोलावलं. त्याला दोनदा सांगावं लागलं तेव्हा कळलं. तो ओरडला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, ‘माही पोरगी हाये साहेब. माह्या हातानं पाळण्यात टाकली मी तिले.’

कडेची पोरं हसली.

खात्री कोण करणार? प्रथमोपचाराच्या टेबलावर एक नर्सबाई होत्या. आणखी एक बाई हवी. तिथं बाई शिक्षिका कोण? पंचांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — हो म्हणाले.

मैदानाच्या टोकाला जाळ्या, अडथळे ठेवायची खोली होती. नर्सबाई, जमुना आणि मी आत गेलो. दार मीच लावलं. आत काय झालं ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे, सांगायचा हक्क माझा नाही. इतकंच सांगते, की ती रडली नाही. तिनं माझा हात घट्ट धरला आणि अगदी हळू विचारलं, ‘बाई, मी पोरगीच हाये ना वो?’

आम्हाला नव्हती विचारत ती. तिला स्वतःलाच खरंच शंका आली होती. अर्ध्या तासापूर्वी हसत होती ती पोर.

मी म्हणाले, ‘हो गं बाळा.’ माझी शाल तिच्या अंगावर घातली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. किती मायाळू दिसले असेन मी!

बाहेर आल्यावर नर्सबाईंनी पंचांना सांगितलं, ‘मुलगी आहे.’ मोठ्यानं सांगितलं, बिचाऱ्यांना वाटलं सगळ्यांनी ऐकलेलं बरं. सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पंचांनी जमुनाला पुढची फेरी टाकायला बोलावलं. ती वर्तुळात गेली. शाल अंगावरून काढेना. पंच म्हणाले, बाळ, शाल बाजूला ठेव. तिनं गोळा उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला, तशीच उभी राहिली. मग खाली ठेवला आणि बापाकडे चालत गेली.

पहिल्या फेरीच्या जोरावर तिला दुसरा नंबर मिळाला. वैशालीनं शेवटच्या फेरीत तिला मागे टाकलं. ढाल आमची झाली.

निघताना तिचा बाप आमच्यापाशी आला. बोरसे सरांकडे त्यानं बघितलंही नाही. माझी शाल घडी करून परत दिली, आणि पिशवीतून केळी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ‘पोरीसोबत आत तुम्ही होत्या, बाई. दुसरं कोन होतं आमचं?’

ती केळी मुलींनी बसमध्ये खाल्ली. मीही खाल्लं एक.

 धुळं आल्यावर बोरसे सर एवढंच म्हणाले, ‘बाई, आपण चुकलो.’ आपण, म्हणाले. ‘तुम्ही’ म्हणाले नाहीत. पुढे शाळेत कुणी तो विषय काढला — आणि काढायचे, बोरसे सरांनी जळगावात काय केलं म्हणून — तर ते मान खाली घालायचे. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी पण घेतलं नाही.

वैशाली पुढच्या महिन्यात सरावाला यायची थांबली. मी विचारलं तर म्हणाली, ‘बाई, आई म्हणते दंड फार झालेत माझे. उद्या माझ्यावर पण कुणी हरकत घेईल.’ मी तिला समजवायला हवं होतं. तिच्या घरी जायला हवं होतं. मी म्हणाले, ‘बघ बाई, तुझी इच्छा.’ दुसरं कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

इथवर सांगून थांबता आलं असतं. ऐकणारा म्हणाला असता, तरुण होतात, जिंकायचं होतं, शंका आली, बोलून गेलात. पण शंका आली नव्हती. हे राहिलं आहे सांगायचं.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी जमुना मला भेटली. पुतण्याच्या लग्नाचं सोनं घ्यायला मी जळगावला गेले होते. परतताना एसटी स्टँडवर एक बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. डोक्यावर पदर, कडेवर मुलगी. जवळ आली आणि वाकून पाया पडली. मी ओळखलं नाही. तिनं नाव सांगितलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तिनंच उचलून दिली.

दहावीनंतर लगेच लग्न झालं होतं तिचं. गावात पोरं ‘जमुनादादा’ म्हणायला लागली होती, म्हणून बापानं घाई केली. लांबच्या तालुक्यातलं स्थळ शोधलं, जिथं ती गोष्ट पोचली नव्हती. हे तिनं मला अगदी सहज सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. मग म्हणाली, ‘तुमची लई याद येते, बाई. त्या दिवशी सकायी तुम्ही मले कपडा देला, आन दुपारी आत सोबत आल्या. सख्खी माय असं करते.’

सकाळी कपडा दिला. हो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी, मुलींना उतरवलं होतं त्या शाळेच्या नळापाशी, एक पोर माझ्याजवळ आली होती. बारीक केस, खाली घातलेली मान. सोबत बाप, त्याला कसं सांगणार? तिथल्या बायांमध्ये मी एकटी तिला शिक्षिकेसारखी दिसले. तिनं हळू आवाजात विचारलं, बाई, जुना कपडा आहे का तुमच्यापाशी? पाळी आली होती तिची. मी पिशवीतून दिला, पिनाही दिल्या. घाबरू नकोस, खेळता येतं, म्हणाले.

आणि त्याच दुपारी मी बोरसे सरांना विचारलं, ती खरंच मुलगी आहे का हो?

मला माहीत होतं. त्या अख्ख्या मैदानात, तिच्या बापाला सोडलं तर, पक्कं माहीत असलेली मी एकटी होते. पंचांनी खात्री करायला सांगितलं तेव्हाही मी एवढं म्हणू शकले असते, की मला ठाऊक आहे, ती मुलगी आहे, दार उघडायची गरज नाही. एक वाक्य. मी ते बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, मग हरकत कशी आली तुमच्या शाळेकडून? म्हणून मी तिला खोलीत नेलं. त्या दिवसांत. कोणत्या अवस्थेत आहे हे माहीत असताना.

स्टँडवर तिनं मला विचारलं, ‘त्या सरांनी काहून केलं असन असं? मी तर त्याईले ओयखत बी नव्हती.’

बोरसे सर आदल्या वर्षी वारले होते. जमुना माझ्यासमोर उभी होती. तिची मुलगी माझ्या पर्सच्या बंदाशी खेळत होती. मी म्हणाले, ‘ते तसेच होते गं.’

असं म्हणाले मी.

तिनं मान हलवली. गाडी लागली तशी ती मुलीला घेऊन गर्दीतून पुढे गेली, जागा पकडली, खिडकीतून मला हात केला. मीही केला.

त्यानंतर मी पुष्कळ मुलींना मैदानावर आणलं. निवृत्तीच्या कार्यक्रमात त्यांतल्या एकीनं भाषण केलं, बाईंनी आम्हाला आमच्या अंगाची लाज वाटू दिली नाही, म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून नमस्कार केला, श्रीफळ घेतलं, घरी आले.

जमुनानं त्या दिवशी सासरच्या गावाचं नाव सांगितलं होतं. ते मला पाठ आहे. जळगावहून तिथं थेट गाडी जाते. मी गेलेले नाही.