बालीतला प्रसाद

चहाचा कप आधी खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा पुष्कळ झाला, पण विमानाने जाऊन केलेला हा एकच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फैजपूरला माझं खत-बियाण्यांचं दुकान. त्या वर्षी माल बरा खपला म्हणून एका खत कंपनीने आम्हा दुकानदारांना जोडीने बालीला नेलं. बाली! तोवर आम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा पाण्याचा साठा म्हणजे तापी. सुमनने, म्हणजे आमच्या मंडळींनी, दोन महिने आधी बॅग भरून ठेवली होती.

पण मला बालीपेक्षा जास्त आनंद कशाचा? बसमध्ये शेजारच्या सीटवर चोपड्याचे नाना होते त्याचा! नानाही दुकानदार, भला माणूस, आणि त्यांची मुलगी आमच्या धाकट्या प्रकाशसाठी आम्हाला पसंत होती. नाना मात्र हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. सुमनने बजावलं होतं, "अहो, या चार दिवसांत नानांना खूश करा. सोयरीक जमवूनच परत यायचं."

आता नाना कसे? शुद्ध शाकाहारी. अंड्याच्या दुकानासमोरून जायचे नाहीत. आणि भुताखेताला असे घाबरायचे, की रस्त्यात लिंबू दिसलं तर स्कूटर वळवून दुसऱ्या गल्लीने घरी जाणार. बालीत पहिले दोन दिवस त्यांनी घरून आणलेल्या शेव आणि दशम्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी पिशवी झटकली, तर नुसता चुरा.

"शेव सरनी, भाऊ," नाना केविलवाणं म्हणाले. "आते निस्त्या चहावर जगनं पडी."

"नाना, आज तुम्हाला पोटभर जेवू घालतो! माझ्यावर सोडा!" मी छातीवर हात मारला. सुमनने डोळे वटारले. तिला माझी छाती माहीत आहे.

दुपारी आम्हाला तिथल्या अस्सल हॉटेलात नेलं. काय थाट होता म्हणून सांगू! गवताचं छप्पर, फुलं खोचलेल्या पोरी, केळीच्या पानावर भात, आणि भाताभोवती पंधरा प्रकार! खोबरं घातलेल्या शेंगा, तळलेल्या सोयाबीनच्या वड्या, गवतीचहाच्या काडीला थापलेलं काहीतरी. आणि एक भाजी तर शेंगदाण्याच्या रश्शातली! अहो, आपलाच शेंगदाणा! समुद्र ओलांडून भेटला म्हणून मी तर वाटी चाटून पुसून खाल्ली.

नाना पानाकडे बघत बसले. "भाऊ, यामा मासा शे?"

वाढणाऱ्या पोरीला खुणेने विचारलं. ती गोड हसली आणि चिमटीएवढं मोजून दाखवलं. म्हणजे थोडासा होता! नानांनी पान सरकवलं आणि डोळे मिटून घेतले. इकडे माझ्या डोळ्यांसमोर ती सोयरीक मोडली.

एवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. उंबऱ्यापाशी, चक्क जमिनीवर, पानाच्या इवल्याशा द्रोणात भात! वर फूल, कांद्याची चकती, आल्याचा तुकडा, मीठ, शेजारी उदबत्ती. आणि एक कुत्रं त्याच्याकडे टक लावून बसलेलं!

आमच्या घरात अन्नाचं शीत जमिनीवर दिसलं तर वडील, आमचे आबा, कानाखाली वाजवायचे. मी धावलो, कुत्र्याला हाकललं, द्रोण उचलून कपाळाला लावला. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. उदबत्ती, फूल... अरे, हा तर नैवेद्य! आणि नैवेद्यात मासा कोण घालेल?

"नाना, प्रसाद! शंभर टक्के शाकाहारी!"

"अहो, कुणाला विचारा तरी!" सुमन कुजबुजली. विचारणार कुणाला? गाइड बाहेर ड्रायव्हरबरोबर सिगारेट ओढत होता.

नानांनी भात तोंडात टाकला, वर कांदा चावला. दोन दिवसांत पहिल्यांदा चेहरा फुलला. "भारी शे, भाऊ! आखो शे का?"

आहे का म्हणजे? मी अख्खं आवार पालथं घातलं! स्वयंपाकघराच्या मागे एक, फाटकाशी दोन, चौकात तर ओळच होती. मी द्रोण गोळा करतोय, नाना फस्त करतायत, आणि ते कुत्रं माझ्या मागे भुंकत फिरतंय. प्रसाद वाटला की पुण्य वाढतं, म्हणून बसमधल्या दोघा-चौघांनाही दिला.

तेवढ्यात वाढणाऱ्या पोरीने ते पाहिलं आणि तोंडावर हात धरून आत पळाली. आतून तिची आजी आली. हातात पाण्याचं भांडं. आमच्यावर फुलाने पाणी शिंपडायला लागली.

"नाना, पुढे व्हा! तीर्थ देतायत! केवढा मान!" मी नानांना ढकलून पुढे केलं.

आजी काहीतरी बोलत होती, पोरी हसून लोळत होत्या. शेवटी गाइड आला. त्याने ऐकलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, भगवान का खाना ऊपर रखते हैं. वो देखो, खंभे पर. नीचे जो रखते हैं, वो भूत लोग का. खाके शांत रहे, तकलीफ न दे."

भूत! म्हणजे आपला उतारा! रस्त्यातल्या लिंबाला भिणाऱ्या माणसाला मी चौकातले उतारे वेचून जेवू घातले होते!

नाना ताडकन उठले. "बठ्ठं भूतस्नं व्हतं?"

त्यांनी आजीच्या हातातलं भांडं घेतलं आणि उरलेलं सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. पुढे मुंबई येईपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. सुमनही बोलत नव्हती, पण ती निदान बघत तरी होती. कशी, ते विचारू नका.

महिना गेला. नानांच्या केसालाही धक्का लागला नाही. उलट त्यांचा जुना खोकला गेला म्हणे! आणि एके दिवशी निरोप आला, साखरपुड्याला चोपड्याला या. आम्ही नाचतच गेलो!

कार्यक्रम झाला, पंगत बसली. सगळ्यांची पानं मांडलेली, माझंच नाही. मी इकडे-तिकडे बघतोय, तर नानांनी हात धरला आणि मला थेट बाहेरच्या उंबऱ्यापाशी नेलं. तिथे जमिनीवर केळीच्या पानाचा द्रोण. भात, कांद्याची चकती, आल्याचा तुकडा, मीठ. वर अर्धं लिंबू. शेजारी उदबत्ती.

"बसा भाऊ," नाना गंभीरपणे म्हणाले. "तुमनं पान आठेच वाढेल शे. भूतस्ले पहिले जेवाडनं पडस, नही तं त्या घर सोडतस नही!"

अख्खी पंगत घास टाकून हसायला लागली. सगळ्यात मोठ्याने सुमन.

मग मी काय केलं म्हणता? मांडी घालून बसलो आणि शेवटचं शीतसुद्धा वेचून खाल्लं. जमिनीवर ठेवलेलं अन्न मला बघवत नाही हो!