हेडरमधला रिकामा चौकोन

मला राग पटकन येतो आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर येतो. त्या आठवड्यात तो बाबांवर आला.

बाबा कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथली रंग कालवणारी तीन यंत्रं त्यांनीच बसवलेली. बाबा निवृत्त झाले, यंत्रं चालत राहिली. मग यंत्रांना हुकूम देणारा जुना संगणक कायमचा बंद पडला. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता. शेठ म्हणाले, शनिवारपर्यंत यंत्रं सुरू झाली तर ठीक, नाहीतर भंगारवाल्याला बोलावतो. नौपाड्यातल्या घरी चहा पिताना बाबांनी हे अगदी सहज सांगितलं, आणि दुसरा कप मागितला. बाबा एरवी दुसरा कप कधीच घेत नाहीत.

"मी करते," म्हणून मी मोकळी झाले. सी भाषेत प्रोग्रॅम लिहिणं हा माझा रोजचाच धंदा.

ती यंत्रं एका तारेवरून, आता कुणीच वापरत नाही अशा पद्धतीने बोलतात. प्रत्येक निरोपाच्या पुढे हेडर असतं, म्हणजे पाकिटावरचा पत्ताच: कोणासाठी, कोणाकडून, मजकूर केवढा. त्यातला कुठला बाइट, म्हणजे कुठला आकडा, कुठे बसतो हे मला सीमध्ये मांडायचं होतं. पण यंत्रं मोठी मानी. नीट पत्ता घालून विचारल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, त्यामुळे नुसतं तारेवर ऐकत बसून काही कळणार नव्हतं.

माहिती होती ती फक्त बाबांच्या चौकटीच्या वहीत. यंत्रं बसवताना कंपनीच्या इंजिनिअरने सांगितलं आणि बाबांनी एका चौकोनात एक बाइट असं उतरवून घेतलं होतं. कामाच्या पानांचे फोटो त्यांनी मला पाठवले. प्रत्येक पानावर पहिला चौकोन रिकामा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढेमागे लागेल म्हणून हेडरमध्ये राखीव बाइट सोडतातच. मीही सुरुवातीला एक राखीव बाइट टाकला आणि त्यात शून्य भरलं. प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

यंत्रांनीही केलं नाही. मेलेल्या संगणकातलं नेटवर्क कार्ड दुसऱ्यात बसवून मी गुरुवारभर बाबांबरोबर कारखान्यात बसून निरोप पाठवत होते. तारा तपासल्या, मजकुराची लांबी सांगणारे दोन बाइट उलटसुलट करून पाहिले, कंपायलर मधेच जागा सोडतोय का तेही पाहिलं. शुक्रवारी दुपारी माझा तोल गेला.

"बाबा, तुमची वहीच चुकलीये!"

यंत्रांवरचे कामगार दुसरीकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

"वही नाही गं चुकणार," एवढंच म्हणाले आणि गेटपाशी जाऊन बसले.

वही टेबलावरच राहिली होती. चूक दाखवायचीच या हट्टाने मी ती पहिल्यापासून उघडली. पहिल्या पानावर, पहिल्या चौकोनात 'श्री' होतं, त्यावर वाळलेलं कुंकू. दुसऱ्या पानावर त्याच जागी कुंकवाचा ठिपका. पुढे नुसताच रिकामा चौकोन. आमच्या घरी वाण्याची यादीसुद्धा 'श्री'शिवाय सुरू होत नाही. बाबांनी देवासाठी सोडलेली जागा मी यंत्राच्या पत्त्यात कोंबली होती.

राखीव बाइटची ती एक ओळ काढली. पहिलं यंत्र लगेच उत्तरलं. मग दुसरं. तिसरं तर कुरकुरत फिरायलाच लागलं. मी गेटपर्यंत धावत गेले.

"बाबा, बोलली!"

"कोण?"

"तिन्ही! तुमची वही बरोबर होती. मीच चुकले." आणि चौकोनाची गोष्ट सांगितली. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला आधी लाज वाटली, मग इतका आनंद झाला की मीही हसत सुटले.

आत आल्यावर मी फाइलच्या अगदी वर टिप्पणी म्हणून 'श्री' लिहिलं.

"अगं, परत बंद पडतील!" बाबा घाबरले.

"नाही पडत. ही ओळ यंत्रापर्यंत जातच नाही. वाचणाऱ्यापुरती असते."

"मग माझा चौकोन काय वेगळा होता?" बाबा म्हणाले.

शेठनी खुशीत सगळ्यांना चहा सांगितला आणि बाबांचा कप रिकामा झालेला पाहून दुसरा पुढे केला.

"नको," बाबा म्हणाले. "एक पुरे."