वैनींचा माठ

"मावशी, तो माठ बाहेर न्या. आता तुमीच फोडा."

वैनी आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्या कधीच आवाज चढवत नसत. मला अगं-तुगंसुद्धा करत नसत. मावशी म्हणायच्या. हातात कपड्यांची मोकळी बादली होती, गच्चीवरून नुकत्याच उतरल्या होत्या. सयपाकघराच्या दारात मी उभी होते. माझ्या हातात रिकामा गिलास होता.

झालं होतं असं. त्यांच्या सासूला, मोठ्या बाईंना, मी दुपारची गोळी चारत होते. गोळी घशात अडकली. उशाशी ठेवलेली बाटली रिकामी. बाईंचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी दोनदा हाक मारली, वर ऐकू गेली नाही. मग पळाले. वर्षभरात पहिल्यांदा त्या सयपाकघरात पाय टाकला. माठात गिलास बुडवला, धावत आले, बाईंना उठवून पाठीवर थापट्या मारल्या, घोट घोट पाजलं. श्वास आला.

एवढंच.

"बाईंचा जीव चालला होता, वैनी," मी म्हणाले.

"ते ठीक हाय. पण माठ आता आमच्या काय कामाचा?"

मी माठ उचलला. भरलेला होता, जड होता. मागच्या दारानं उकिरड्यापाशी नेला आणि दगडावर आपटला. माझ्या हातानं. पाणी माझ्या पायांवर उडालं, गार होतं. त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय सलतं सांगू? त्यांनी सांगितलं हे नाही. मी फोडला हे.

चौसाळ्याच्या अलीकडं हायवेला लागून आमचं गाव. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती. आमचा बाप्तिस्मा झाला, पण गावाची आठवण काही धुतली गेली नाही. आज्या कोणत्या वस्तीत राहायचा ते लेकराबाळांना आजही पाठ आहे. मी तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात आया होते. तिथल्या सिस्टरनं मला जखम धुवायला शिकवली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलायला शिकवलं. दवाखाना बंद पडला, हात राहिले. गावात कुणी पडून असलं की मला बोलावणं येतं.

मोठ्या बाईंना लकवा झाला तेव्हाही आलं. त्यांचा मुलगा, वैनींचा नवरा, पुढारी. गाव त्यांना दादा म्हणतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाईंच्या कमरेला मूठ जाईल एवढी जखम होती. वास दारापर्यंत येत होता. घरातली माणसं नाकाला पदर लावून उभी. मी खाली बसले. रोज दोनदा धुतलं, पू काढला, सडलेलं काढलं, दोन-दोन तासांनी कूस बदलली. हागलं-मुतलं काढलं. येशूचं नाव त्या घरात एकदाही काढलं नाही. माझी प्रार्थना म्हणजे तेच काम होतं. सात महिन्यांनी जखम भरली. नवी कातडी आली, लेकराच्या ओठांसारखी गुलाबी. मी तिच्यावर बोट फिरवून रडले होते.

त्याच बोटांनी धरलेला गिलास माठात बुडला, तर माठ बाटला.

रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"सोसणं हीच आपली साक्ष हाय, ताई. तुमच्या सेवेनं त्यांची मनं पालटतील."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा पटलं. सोमवारी घरून पाण्याची बाटली घेऊन परत कामावर गेले.

बाईंना अर्ध्या तोंडानं बोलता यायचं. पलंग सयपाकघराच्या भिंतीला लागूनच होता, म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. माठ फुटल्याच्या पाचव्या दिवशी मी पाठ पुसत असताना म्हणाल्या, "मीबी... फोडायला लावायची."

मला आधी कळलंच नाही.

"काय, बाई?"

"माठ. तुज्या... आज्जीला."

डोळ्यांतून पाणी गळत होतं. एका बाजूनं लाळ. मी दोन्ही पुसलं. माफ केलं म्हणावं असं वाटलं नाही, आणि हातातला फडका खाली ठेवावा असंही वाटलं नाही. माझी आज्जी ह्याच घरात राबायची, तीही सोसत होती. तिनंही म्हणे कधी उलटून उत्तर दिलं नाही. मग कुणाचं मन पालटलं? सासूचा माठ सुनेकडं आला, तेवढंच.

त्यानंतर महिनाभरानं चर्चमध्ये दादांचा सत्कार ठेवला. त्यांनी चर्चला कंपाउंडची भिंत बांधून देतो म्हटलं होतं. शाल, हार, खुर्चीवर नवं कापड. आम्ही बायकांनी सकाळपासून अंगण झाडलं, चहा केला. दादा आले, हसून सगळ्यांना नमस्कार केला. चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या ड्रायव्हरनं गाडीतून थर्मास आणला. दादा त्यातला चहा प्यायले. आमचा कप तसाच. साय धरली त्याच्यावर. पाळकसाहेबांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. कुणी काही पाहिलं नाही.

मग पाळकसाहेब बोलायला उठले. प्रभूच्या प्रेमावर बोलले. आणि म्हणाले, "आमच्या एक भगिनी दादांच्या मातोश्रींची लेकीसारखी सेवा करतात. ख्रिस्ती प्रीती अशी असते. ताई, पुढं या. दादांसोबत एक फोटो होऊ द्या."

टाळ्या वाजल्या. मी उठले. पुढं गेले आणि तो साय धरलेला कप उचलला.

"दादा, हा गार झाला. दुसरा आणते. आमच्यातला एक कप घ्या."

"नको नको, मला शुगर हाय."

"बिनसाखरेचा करते."

ते पाळकसाहेबांकडं बघायला लागले.

"मी तुमच्या आईचं सगळं करते, दादा," मी म्हणाले. "माझा हात तिथं चालतो. कपाला कावून चालत न्हाई? चहा घेतला तर फोटो काढू. न्हाईतर मला फोटोत घेऊ नका."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. दादांनी घड्याळ बघितलं, शाल खुर्चीवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसले.

पाळकसाहेब घाम पुसत माझ्याजवळ आले. "आजच्या आज जाऊन माफी मागा. भिंत गेली आपली."

"न्हाई मागणार."

"अहो, प्रीतीला अट नसते."

"प्रीती केली साहेब, वर्षभर. अट त्यांची होती."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून निरोप आला, येऊ नका. बीडवरून दुसरी बाई आणली. तिला कूस बदलायचं माहीत नव्हतं. दीड महिन्यानं वैनी स्वतः माझ्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"मावशी, जखम परत उघडली. आत्याबाई तुमचंच नाव घेतात."

मी चपला घातल्या आणि तशीच गेले. जखम पहिल्यापेक्षा खोल होती. बाईंनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात. धुऊन, पट्टी बांधून मी वैनींना म्हणाले, "उद्यापासून येते. पण पाणी लागलं तर आतून घेणार. माझ्या हातानं. अन् मला लागलं तरबी तिथलंच पिणार."

"ह्यांना विचारून सांगते," वैनी म्हणाल्या.

निरोप आला नाही. तीन वेळा मी आपणहून गेले. फाटक उघडलं नाही. सतराव्या दिवशी मोठ्या बाई गेल्या.

आता गावात बोलतात, हिच्या तोऱ्यापायी म्हातारी सडून मेली. चर्चमध्येही दोघी-तिघी बोलतात. पाळकसाहेबांनी मला उपासनेत बायबल वाचायला उभं करणं बंद केलं. मी चौथ्या बाकावर बसते, शेवट होईपर्यंत बसते. माझा प्रभू त्यांच्या मालकीचा नाही.

बाईंची मला आठवण येते. लई येते. पण ते मरण मी माझ्या डोक्यावर घेणार नाही. फाटक कुणी लावून घेतलं ते फाटकवाल्यांनी बघावं.

काल चकलांब्याहून एकाचा फोन आला. बापाला लकवा झालाय, पाठीला जखमा पडल्यात, येता का. मी म्हणाले, येते. आणि पुढच्याच दमात विचारलं, तुमच्या घरात माझ्या हाताचं पाणी चालतं का?

मी फोन कानाला धरून थांबले. एकही शब्द मागं घेतला नाही. घेणारही नाही.